मणिबेलीचा कागदोपत्री शोध

नाव आणि गाव ही जोडी आपल्या भाषेत केवळ यमकासाठी जमलेली नाही. परका माणूस ओसरीवर येऊन बसला की आपण त्याला पाणी देतो आणि 'नावगाव काय?' असे एका दमात विचारतो. दोन्ही कळले म्हणजे मनुष्य ठाऊक झाला, अशी आपली समजूत आहे. परंतु ज्याचे गावच पाण्याखाली गेले त्याने काय सांगावे? आणि त्या गावाची हकिकत पुढे कोणाला जाणून घ्यावीशी वाटली, तर ती त्याने कोणत्या नावाखाली शोधावी? हा प्रश्न वरवर ग्रंथपालाचा दिसतो. बारकाईने पाहू गेल्यास तो इतिहासाचा आहे, आणि काही कुटुंबांच्या बाबतीत तर हक्काचाही आहे.

मणिबेली हे गाव नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या उत्तर उतरणीवर, नर्मदेच्या दक्षिण तीरावर वसलेले. सरदार सरोवर धरणाच्या भिंतीपासून नदीच्या उगमाच्या दिशेने निघाले म्हणजे महाराष्ट्रातील पहिले गाव हेच लागते. धरणाच्या बुडितात महाराष्ट्रातील ३३ गावे आली. त्यांत पाणी प्रथम शिवले ते मणिबेलीला. १९९२ व १९९३च्या पावसाळ्यांत येथील घरे हलविण्यावरून जो संघर्ष झाला त्याने गावाचे नाव सातासमुद्रापार गेले. काही कुटुंबे गुजरातेत परवेटा येथील वसाहतीत गेली; काही डोंगर चढून वरच्या अंगाला राहिली व आजही राहतात. नदीकाठची जुनी शेते मात्र जलाशयाच्या पोटात आहेत. त्या शेतांवर कोण राबत होते, काय पिकत होते, कोणाच्या नावे सातबारा होता आणि कोणाच्या नावे नव्हता, हे आता पाहावयाचे तर कागदांतच पाहिले पाहिजे.

कागद मिळविणे आज एका अर्थी सोपे झाले आहे. विद्यापीठीय प्रबंधांचे 'शोधगंगा' नावाचे भांडार आहे, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, 'जेस्टोर'सारखी नियतकालिकांची परदेशी भांडारे मोठ्या ग्रंथालयांतून उघडता येतात. पडद्यावर एक रिकामी चौकट असते. तीत शब्द लिहावयाचा आणि कळ दाबावयाची. या शब्दाला आपण शोधशब्द म्हणू. पूर्वी ग्रंथपालाला आपण काय हवे ते पाल्हाळाने सांगत असू आणि तो चष्मा कपाळावर सरकवून 'अहो, ते त्या नावाखाली नाही मिळायचे, पलीकडच्या कपाटात बघा' म्हणत असे. चौकटीला हे सुचत नाही. तिला जो शब्द दिला तोच ती हुडकते. देणाऱ्याला जेवढे ठाऊक, जवळपास तेवढेच तिच्याकडून परत येते.

इंग्रजी भांडारांत नुसते 'मणिबेली' असे लिहून पाहावे. जे हाती येते त्यात 'मणिबेली जाहीरनामा' पुढे असतो. १९९४च्या सप्टेंबरात, जागतिक बँकेला पन्नास वर्षे होत असताना, ४४ देशांतील ३२६ संस्थांनी सह्या करून मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी केली. त्या पत्रकाला या गावाचे नाव दिले होते. मोठाच मान म्हणावयाचा. पण त्याचा एक परिणाम असा की गावाचे नाव आता एका पत्रकाचे नाव झाले आहे. पत्रकावर लिहिणारे पुष्कळ. ज्या गावावरून ते नाव आले त्या गावाविषयी त्या लेखनात चार ओळी मिळाल्या तर मिळाल्या. नंदुरबारच्या एखाद्या महाविद्यालयातील मुलगी आपल्या आजोळच्या पाड्याविषयी काही वाचावे म्हणून बसली, तर तिला धरणांच्या अर्थकारणावर वाचावयास मिळेल आणि 'आपल्या गावाविषयी कोणी काही लिहिलेच नाही' असे म्हणून ती उठेल. हा निष्कर्ष चुकीचा आहे. लिहिलेले आहे. ते दुसऱ्या शब्दांखाली आहे.

कोणत्या शब्दांखाली, हे समजण्यासाठी या भूमीला कोणी कोणी काय काय म्हटले ते पाहिले पाहिजे.

प्रथम राज्यकारभाराची नावे घेऊ. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्यापूर्वीच्या कोणत्याही कागदावर 'नंदुरबार जिल्हा' हा शब्द मणिबेलीच्या संबंधात येणे शक्य नाही. त्याआधी हा मुलूख धुळे जिल्ह्यात होता, आणि इंग्रजीत त्या जिल्ह्याचे नाव 'धुळे' नव्हते, 'धुलिया' होते. १९७४ साली निघालेला राज्य गॅझेटियरचा ग्रंथ याच नावाचा आहे. त्याही आधी, १९६०पर्यंत, 'पश्चिम खानदेश'. आणि १९०६ साली खानदेशाचे दोन तुकडे होण्यापूर्वी नुसता 'खानदेश'. १८८०चा कँबेलचा गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतील बारावा खंड, या नावाखाली मिळतो. म्हणजे एका डोंगराला शंभर-सव्वाशे वर्षांत जिल्ह्याची चार नावे. ज्या काळचे हवे त्या काळचे नाव लिहिले नाही तर कपाट बंदच राहावयाचे.

त्याच्या खालच्या पायरीवर आणखी गुंतागुंत आहे. शेजारच्या तालुक्याला कोणी अक्राणी म्हणतो, कोणी धडगाव. या डोंगरपट्ट्यात काठीसारखी छोटी संस्थाने होती; त्यांना 'मेवासी' म्हणत, आणि इंग्रज अंमलदार ते 'मेहवास' असे लिहीत. १८२५ साली भिल्ल एजन्सी स्थापन झाली, औट्रमची भिल्ल पलटण उभी राहिली. त्या काळचे अहवाल पाहावयाचे तर 'मेहवास' आणि 'भिल्ल एजन्सी' हे शब्द हवेत. नदीचेही तेच. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज तिला 'नर्बदा' किंवा 'नेरबुड्डा' लिहितो. नर्मदेला हे रूप शोभत नाही हे खरे. पण आपल्याला शोभणारे रूपच लिहावयाचा हट्ट धरला तर त्या साहेबाने लिहिलेले पान आपल्याला दिसणार नाही.

धरणाचेही नाव बदलले. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसविली तेव्हा कागदोपत्री ही योजना नवागामची होती. सरदार सरोवर हे नाव नंतरचे. १९६०च्या दशकातील चर्चा 'सरदार सरोवर' या शब्दाने धुंडाळणारा मनुष्य रित्या हाताने परतेल आणि त्या काळी कोणी काही बोललेच नाही असे समजेल.

आणि एक नाव मराठी वाचकाच्या विशेष परिचयाचे आहे. मणिबेलीजवळचे शूलपाणेश्वराचे पुरातन देवालय जलाशयात बुडाले. नवे देवालय गोरा येथे बांधले गेले. परिक्रमावासी या अरण्याला शूलपाणीची झाडी म्हणतात. 'शूलपाणेश्वर' हा शब्द लिहावा तर एकीकडे गुजरातेतील त्याच नावाच्या अभयारण्यावरचे, पशुपक्ष्यांचे निबंध येतात, आणि दुसरीकडे परिक्रमेची वर्णने येतात. त्या वर्णनांत येथला माणूस भेटतो तो 'मामा' म्हणून, यात्रेकरूंना लुबाडणारा म्हणून. एकाच डोंगरावरच्या एकाच माणसाला एका कपाटात लुटारू म्हटले आहे, दुसऱ्यात आदिम जमात, तिसऱ्यात बाधित व्यक्ती. तिन्ही कपाटे न उघडता त्याच्याविषयी मत बनविणाऱ्याने एक तृतीयांश माणूस पाहिला असे समजावे.

माणसांच्या नावांकडे वळले म्हणजे शोधशब्द किती नाजूक वस्तू आहे ते कळते. मणिबेलीत तडवी आणि वसावे राहतात. 'तडवी' हा शब्द खानदेशात लिहिला की जळगावकडील मुसलमान तडवी भिल्लांची माहितीही त्यात मिसळून येते. नर्मदाकाठचे तडवी वेगळे. सरकारी अनुसूचीत तर 'तडवी' दोन ठिकाणी आढळतात: भिल्लांच्या नोंदीत 'तडवी भिल्ल' म्हणून आणि धानकांच्या नोंदीत 'तडवी' म्हणून. 'वसावे' कोठे 'वसावा' होतात. यांतील एकच रूप निवडले तर निम्मे सुटते. सर्व रूपे घेतली तर नको ते गळ्यात पडते.

या सर्वांना मिळून एक नाव द्यावे म्हटले तर काळ आडवा येतो. १९३१च्या जनगणनेत 'आदिम जमाती' आहेत. १९४३ साली डॉ. घुर्यांनी पुस्तक लिहिले ते 'तथाकथित मूलनिवासी' अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने. १९५० साली राज्यघटना अमलात आली, आणि त्याच पुस्तकाच्या पुढल्या आवृत्तीचे नाव 'अनुसूचित जमाती' असे झाले. पुस्तक तेच, लेखक तोच, नाव नवे. मधल्या काळात 'आदिवासी' हा शब्द चळवळींनी रूढ केला, आणि ती माणसे आज स्वतःला त्या नावाने ओळखतात. आपल्याला आज 'मूलनिवासी, तथाकथित' हा प्रयोग खटकतो, खटकावाच. पण जुना लेख हुडकताना तो खटकणारा शब्दच लिहावा लागतो. शब्द वापरणे आणि शब्द मान्य करणे या दोन गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावेसे वाटते.

आता या लोकांचे जे झाले त्याला काय म्हणावे?

१९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात पुढे होते. तेव्हाच्या कागदांत 'मुळशी पेटा' आणि 'सत्याग्रह' हे शब्द. 'धरणविरोधी चळवळ' हा शब्द त्या मावळ्याला कोणी सांगितला असता तर तो गोंधळला असता. पण राजेंद्र व्होरांनी २००९ साली याच सत्याग्रहावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला तो 'जगातील पहिली धरणविरोधी चळवळ' अशा अर्थाच्या नावाने. घटना १९२१ची, शब्द आपल्या काळचा. दोन्ही शब्द हाताशी असले तरच घटना आणि तिच्यावरचा ग्रंथ दोन्ही सापडतात.

फाळणीनंतर इंग्रजीत 'डिस्प्लेस्ड पर्सन्स' म्हणजे सिंध-पंजाबातून आलेले निर्वासित. त्यांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९५४चा, याच शब्दांचा. म्हणून १९५०च्या दशकातील कागदांत 'विस्थापित' शोधू गेल्यास कोयनेचा शेतकरी क्वचित येईल, लाहोरचा व्यापारी प्रथम येईल. 'रिहॅबिलिटेशन' लिहावे तर निर्वासितांच्या जोडीने अस्थिरोगाच्या दवाखान्यांचे निबंध ढिगाने कोसळतात, कारण वैद्यकातही पुनर्वसन आहेच. महाराष्ट्राने १९७६ साली कायदा केला तो 'प्रकल्पामुळे विस्थापित' झालेल्यांसाठी. १९८६च्या कायद्यात तेच लोक 'प्रकल्पबाधित' झाले. बोलण्यात आपण 'धरणग्रस्त', 'प्रकल्पग्रस्त' म्हणतो. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९च्या निवाड्यात 'औस्टी' म्हणजे घालवून दिलेला असा शब्द घेतला. जागतिक बँक मात्र १९८०पासून 'अनैच्छिक पुनर्वसाहत' म्हणते. बँकेने १९८५ साली या धरणासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, मोर्स समितीचा अहवाल १९९२ साली आला आणि १९९३च्या मार्चात बँकेचा या प्रकल्पातला पैसा थांबला. या सर्व व्यवहाराचे कागद बँकेच्या शब्दाने उघडतात, आपल्या शब्दाने उघडत नाहीत.

शब्दांची ही यादी नीट पाहिली म्हणजे तिच्यात इतिहास दिसतो. 'घालवून दिलेला' म्हटले की घालविणारा कोणी असावा लागतो. 'बाधित' म्हटले की बाधा झाली, ती कोणी केली हे विचारण्याचे कारण उरत नाही. आणि सर्वांत मुका शब्द 'अतिक्रमणदार' हा. डोंगरातील पुष्कळ कुटुंबे वनजमीन कसत. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून दप्तरात ती अतिक्रमणे ठरली. त्यांची कहाणी पुनर्वसनाच्या कपाटात नसते, वनखात्याच्या कपाटात असते, आणि २००६चा वनहक्क कायदा आल्यावर 'वनहक्क दावे' या तिसऱ्या नावाखाली जाते. बुडालेल्या शेतावर आपला बाप कसत होता हे ज्याला आज दाखवावयाचे आहे, त्याला हे ठाऊक असणे म्हणजे कागद मिळणे आणि न मिळणे यांतला फरक आहे.

मग करावे काय? एकेक शब्द चाचपडत बसावे काय? याची वाट आपल्याच देशातील एका थोर ग्रंथपालाने दाखविलेली आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले आणि १९३३ साली 'द्विबिंदू वर्गीकरण' प्रसिद्ध केले. त्यांचे पुढे प्रौढ झालेले म्हणणे असे, की कोणत्याही विषयाला पाच अंगे असतात: मुख्य वस्तू, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ. विषय अंगांत फोडावा आणि मग पुन्हा जोडावा. त्यांनी हे पुस्तके लावण्यासाठी सांगितले. शोधण्यासाठीही ते तितकेच उपयोगी आहे.

समजा प्रश्न असा आहे: 'धरणाच्या पाण्यामुळे मणिबेली व आसपासच्या गावांतील आदिवासींच्या शेतीचे काय झाले?' हे वाक्य तसेच्या तसे चौकटीत लिहू नये. 'काय', 'झाले', 'मुळे' या शब्दांनी काही हाती लागत नाही. वाक्य फोडावे. कोण: आदिवासी, भिल्ल, तडवी, वसावे, अनुसूचित जमाती. कोणती वस्तू: शेती, जमीन, वनजमीन, अतिक्रमण. कोणती क्रिया: विस्थापन, पुनर्वसन, बुडित. कोठे: मणिबेली, अक्कलकुवा, धुळे, धुलिया, नर्मदा खोरे, आणि विसरू नये असे परवेटा, कारण माणसे जेथे गेली तेथे त्यांच्यावरचे लेखनही गेले. केव्हा: १९७९चा निवाडा, १९९२, १९९३. अशा पाच ओळी वहीत कराव्यात. एका ओळीतील शब्द 'किंवा'ने जोडावेत, ओळी एकमेकींना 'आणि'ने जोडाव्यात. 'आणि', 'किंवा', 'वगळून' ही तीन अव्यये जॉर्ज बूल या गणितज्ञाच्या १८५४च्या तर्कशास्त्रातून यंत्रांत आली आहेत. 'शूलपाणेश्वर' घेतले तर 'अभयारण्य' वगळावे, 'रिहॅबिलिटेशन' घेतले तर 'रुग्ण' वगळावे. दोन शब्दांचे एक नाव असेल तर ते अवतरणचिन्हांत ठेवावे, नाही तर 'सरदार' एकीकडे आणि 'सरोवर' दुसरीकडे सापडते.

किती ओळी जोडावयाच्या याला तारतम्य लागते. इंग्लंडात क्रॅनफील्ड येथे क्लेव्हर्डन नावाच्या ग्रंथपालाने १९५०-६०च्या दशकांत याचे प्रयोगच केले. निष्पन्न झाले ते नदीवरच्या कोळ्याला आधीच ठाऊक आहे: जाळे मोठे टाकावे तर मासळीबरोबर शेवाळ येते, लहान टाकावे तर मासळी निसटते. प्रथम दोन ओळींनी शोधावे, फार आले तर तिसरी जोडावी, काहीच न आले तर एक काढावी.

यांत मराठीची स्वतःची एक अडचण आहे, आणि ती शाळामास्तराच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीचा लेखक 'गांव' लिहितो, आपण 'गाव' लिहितो. यंत्राच्या लेखी हे दोन निराळे शब्द असू शकतात. मणिबेलीतला 'णि' ऱ्हस्व की दीर्घ, 'ण' की 'न', यावरही सापडणे न सापडणे ठरते. विद्यार्थ्याच्या वहीत आपण ज्या चुकांवर लाल शाई ओततो, त्या शोधताना मुद्दाम करून पाहाव्या लागतात.

आणि पहिल्या शोधाने थांबू नये. एक बरा लेख हाती लागला की तो वाचण्यापूर्वी त्याला दिलेले विषयशब्द पाहावेत. ते सूचिकाराने ठरावीक कोशातून निवडलेले असतात. ते उतरवून घेऊन पुन्हा शोधावे. अमिता बाविस्करांचा १९९५चा ग्रंथ नर्मदाकाठच्या आदिवासींवर, याच धरणाच्या छायेतील जीवनावर आहे. पण त्याच्या नावात 'नदीचे उदर' आहे, पोटनावात आदिवासी, विकास आणि नर्मदा खोरे आहे. 'धरण' नाही की 'विस्थापन' नाही. नुसत्या नावात 'धरण' शोधणाऱ्याला हा ग्रंथ हुकेल. विषयशब्दांवरून जाणाऱ्याला तो मिळेल, आणि त्यातून झाबुआकडच्या बोलीतला 'नेवाड' हा वनशेतीचा शब्दही मिळेल, जो पुढल्या शोधाला उपयोगी पडेल.

धुळ्यास इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७पासून उभे आहे. राजवाडे गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यावरची दप्तरे उतरवून कागद जमवीत. कोणता कागद कोणाच्या घरी, कोणत्या रुमालात असेल याचा त्यांना जो अदमास होता, तोच अदमास आज शोधशब्द निवडणाऱ्याला हवा. कागद लिहिणारा कोण, त्याचा काळ कोणता, त्याला या माणसांविषयी काय वाटत होते, हे मनाशी ठरविले की त्याने कोणता शब्द लिहिला असेल ते सुचते. पायपीट वाचली, अदमास वाचलेला नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. कोठल्याही भांडारात नसलेली मणिबेली पुष्कळ आहे. ती वसावे आणि तडवी वृद्धांच्या बोलीत आहे, देवांच्या आणि ओढ्यांच्या नावांत आहे, कोणत्या खडकापाशी कोणाचे शेत होते या आठवणीत आहे. तिला विषयशब्द नाहीत, कारण तिची सूची कोणी केलेली नाही. नंदुरबारच्या त्या मुलीने भांडारे धुंडाळून झाली की वही घेऊन आजोळी जावे, आजीला विचारावे आणि ऐकलेले नाव आजीच्याच बोलीतल्या उच्चाराने लिहून, खाली तारीख घालून ठेवावे. शेजारी कंसात सरकारी नावही लिहावे. पुढे कोणी शोधू लागला तर त्याला दोन्ही नावांनी ती वही सापडली पाहिजे.